निळा थर

पुस्तकवाल्या काकांकडे जाऊन यायचं, एवढंच खरं तर त्या दुपारचं काम होतं. फोटोवालीने दुकानाचं शटर अर्धं ओढलं, पासपोर्ट फोटोसाठी ताटकळलेल्या गिऱ्हाइकाला "तासाभरात आलेच" असं सांगितलं आणि दोन लिफाफे काखेत मारून ती निघाली. एका लिफाफ्यात रंगीत नमुने होते, दुसऱ्यात तेच फोटो काळे-पांढरे. डोळ्यांवर झोप इतकी होती की रस्ता ओलांडताना तिने दोन्ही वेळा एकाच बाजूला पाहिलं. एका मोटारवाल्याने तिचा चांगला उद्धार केला, तोही तिला नीटसा ऐकू आला नाही.

गोष्ट अशी होती. शहरातले जुने पिवळे दिवे काढून पांढरे लावायचं काम बरेच महिने चाललं होतं. असतं तोवर ज्याच्याकडे कोणी बघत नाही, ते जायला लागलं की माणसाला त्याचा पुळका येतो. तसा काकांना आला, आणि पिवळ्या दिव्यांतल्या रात्रींचं एक पुस्तक काढायचं त्यांनी मनावर घेतलं. फोटो कोणाकडून काढून घ्यायचे यावर डोकं खाजवायची गरजच नव्हती. फोटोवालीचा नवरा हाच ते दिवे उतरवणारा. रात्री शिडीच्या गाडीच्या पाळण्यात उभा राहून तो खांबाच्या डोक्यापर्यंत जायचा, पिवळा दिवा उतरवायचा, पांढरा चढवायचा. आज कुठल्या गल्लीचा नंबर आहे हे फोटोवालीला घरातल्या घरात कळायचं, आणि तो पोहोचायच्या आत ती कॅमेरा घेऊन तिथे हजर असायची.

पण तिचा जीव पुस्तकात नव्हता. दिवे संपले की दिवेवाल्याला दिवसपाळी मिळणार होती. लग्न झाल्यापासून तो रात्रपाळीत. ती उठायची तेव्हा तो झोपायला यायचा, तो उठायचा तेव्हा ती दुकानात. अंथरूण एकाचं गार व्हायच्या आत दुसरा त्यात शिरायचा. "आपला संसार म्हणजे रिले शर्यत आहे, काठी काय ती एकमेकांच्या हातात द्यायची," असं तो म्हणायचा आणि ती हसायची, पण आता त्या हसण्यालाही शीण आला होता. नवरा रात्री घरात असावा, शेजारी घोरावा, आपण त्याला कोपर मारून कूस बदलायला लावावी, एवढंच तिला हवं होतं. आता शेवटच्या दोन-तीन गल्ल्या राहिल्या होत्या.

काकांनी दोन्ही लिफाफे टेबलावर पसरले, चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ बघत राहिले.

"रंगीत बघितलं की वाटतं, अख्ख्या शहराला कावीळ झालीय," ते म्हणाले. "काळं-पांढरं देखणं दिसतं. पण मग दिवे पिवळे होते हे कळायचं कसं? म्हणजे लग्न आहे आणि नवरदेवाचाच पत्ता नाही."

"काका, त्या दिव्याखाली तसेही रंग नसतात," फोटोवाली म्हणाली. "लाल गाडी असो की हिरवी, दिसते काळपट. सगळं एक तर पिवळं नाहीतर काळं. रंगीत फोटो म्हणजे पिवळ्या शाईत छापलेला काळा-पांढराच."

"मग तूच ठरव बाई. डोळे तुझे. शनिवारी छपाईला द्यायचं." मग ती उठायला लागली तेव्हा ते म्हणाले, "मूळ फोटोंना मात्र हात लावू नकोस हं. मूळ ते मूळ. प्रयोग करायचे ते नकलेवर."

हे तिला कोणी सांगायला नको होतं. ती मान डोलवून निघाली.

त्या रात्री दिवेवाला कामावर गेल्यावर ती कॉम्प्युटरपुढे बसली. रंगीत की काळं-पांढरं, याचा काय तो निकाल लावूनच झोपायचं असं तिने ठरवलं होतं. रंगीत फोटो म्हणजे एकावर एक ठेवलेले तीन थर असतात, लाल, हिरवा आणि निळा. काळा-पांढरा करताना कुठल्या थराला किती मान द्यायचा ते करणाऱ्याच्या हातात. पिवळ्या दिव्यात निळा प्रकाश नावालाही नसतो, त्यामुळे निळ्या थरात काही म्हणजे काही उमटत नाही. तिथे असतो नुसता रवाळ काळोख. तो थर घेतला तर फोटो उगीच खरखरीत होतो, म्हणून फोटोवाली सगळ्यात आधी तोच बंद करायची. त्या रात्री पेंगता पेंगता तिने उलटं केलं. लाल आणि हिरवा बंद झाले, निळा तेवढा राहिला.

पडदा काळा झाला. गल्ली गेली, खांब गेले, गाडी गेली. आणि त्या काळ्यात, पार मागे, एक माणूस उभा होता.

स्पष्ट होता. अंगावर कुठूनतरी उजेड पडल्यासारखा. पण तो उजेड ना जमिनीवर पडला होता, ना मागच्या भिंतीवर. सावली नव्हती. हात दोन्ही बाजूंना सोडलेले, आणि मान मागे टाकून तो वर बघत होता.

फोटोवालीने लाल थर सुरू केला. गल्ली परत आली, माणूस त्यात बुडून दिसेनासा झाला. नुसता हिरवा थर लावून पाहिला, तिथे कोणी नाही. रंगीत फोटोत त्या जागी खांबाखालचा मोकळा रस्ता. पुन्हा एकटा निळा... आणि तो तिथे, मान वर करून.

ती लगेच घाबरली नाही. भीती वाटायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते. कॅमेऱ्यात धूळ गेली असेल असं म्हणून तिने कॅमेरा उघडून पुसला आणि मग आधीच्या गल्ल्यांचे फोटो काढून एकेकाचा निळा थर बघत बसली. रिकाम्या गल्लीच्या फोटोत कोणी नव्हतं. ज्या फोटोत शिडीची गाडी आली होती, त्यातच तो होता. सुरुवातीच्या गल्ल्यांत पार टोकाला, तांदळाएवढा. मग थोडा जवळ. मग आणखी जवळ. चेहरा कुठेच दिसत नव्हता, कारण दर वेळी तो वरच बघत होता. तो काय बघतोय हे तिला जरा वेळाने उमगलं. निळा थर तसाच ठेवून तिने त्यावर लाल थर हलकासा आणला, आणि त्या माणसाच्या नजरेच्या टोकाला पाळणा आला. पाळण्यात तिचा नवरा होता.

तेव्हा मात्र ती उठली आणि घरातला प्रत्येक दिवा लावून आली.

दुसऱ्या दिवशी ती दुकानातून लवकर घरी आली आणि संध्याकाळी दिवेवाला उठून जेवायला बसला तेव्हा समोर बसली. ताटात वाढायचं राहिलंय हे तिच्या लक्षातच आलं नाही. त्याने स्वतःच घेतलं.

"अहो, आज रजा टाका ना."

"आता? दोन गल्ल्या राहिल्यात. घोडं गंगेत न्हायला आलंय आणि तू लगाम ओढतेस."

"तुम्ही वर असता तेव्हा खाली कोणी उभं असतं का?"

"असतात की. एक-दोन कुत्री आणि माझी बायको," तो हसला. पण तिचा चेहरा बघून घास खाली ठेवला आणि उठून कॉम्प्युटरपाशी आला. वाकून त्याने निळ्या थरातल्या त्या माणसावरून अंगठा फिरवून बघितला.

"डाग आहे गं," तो म्हणाला.

"डाग जवळ येतो का?"

त्याने पडदा बंद केला. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच्या हाताला नेहमी तापलेल्या धुळीचा वास यायचा, कितीही धुतला तरी. "तू झोपलेली नाहीस किती दिवस," तो म्हणाला. "मीही नाही. दोन रात्री. मग रोज तुझ्या कानाशी घोरेन, तूच म्हणशील की रात्रपाळी बरी होती."

त्याचं खरं असावं असं तिला फार वाटत होतं. थकलेलं माणूस पटकन पटवून घेतं. तरी त्या रात्री ती त्याच्याबरोबर गेली.

गल्ली अरुंद होती, दोन्ही बाजूंना बंद गोदामं. पिवळे दिवे गुणगुणत होते. जुन्या दिव्यांना तसा आवाज असतो, गर्दीत कळत नाही, पण आजूबाजूला निजानीज झाली की तो दातांत जाणवतो. गाडीचे ड्रायव्हर मामा खाली पायरीवर तंबाखू मळत बसले होते. त्यांनी फोटोवालीला बघून हात वर केला.

"काय वहिनी, ठरलं का? रंगीत की साधा?"

"नाही अजून."

"आमचा साधा काढा. रंगीतमध्ये आम्ही लई काळे दिसतो." मग पाळणा वर जाताना बघून स्वतःशीच खुसखुसले. "बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. आमचं हे बाळ पन्नाशीला आलं, अजून पाळण्यातून उतरत नाही!"

पाळण्याचा तळ जाळीचा होता. खालून बघितलं की दिवेवाल्याचे बूट दिसायचे. फोटोवालीने बरोबर खाली उभं राहून कॅमेरा वर धरला आणि काढायचे तेवढे फोटो काढले. वर त्याने दिव्याचं झाकण उघडलं, मेलेले किडे भुरभुर खाली आले. तेवढ्यात गाडीतून बारीक आवाज येऊ लागला. टिट्... टिट्... टिट्...

"हे काय?" तिने विचारलं.

"वजनाचा भोंगा. पाळण्यात जास्तीचा माणूस चढला की वाजतो." मामांनी उठून गाडीच्या पत्र्यावर एक थाप मारली. आवाज चालूच राहिला. "बिघडलाय. कालपासून बोंबलतोय. वर एकटा तर आहे."

फोटोवालीने मान वर केली. पिवळ्या उजेडात तिचा नवरा एकटाच होता, दोन्ही हात दिव्यात घालून, तिच्याकडे पाठ करून. तिने त्याला हाक मारली नाही. हाक मारली आणि दोघांनी वळून पाहिलं तर, असं काहीतरी वेडंवाकडं तिच्या मनात आलं होतं.

ते फोटो बघायला दुसऱ्या दिवशी तिला सवडच मिळाली नाही. की तिनेच ती काढली नाही, कोण जाणे. दुकानात गिऱ्हाइकांची रांग होती, हनुवटी वर करा, खांदे सरळ ठेवा, असं ती दिवसभर म्हणत राहिली. घरी आली तेव्हा दिवेवाला निघून गेला होता. शेवटची गल्ली. दारावर त्याने चिठी वगैरे लावली नव्हती, तो त्यातला नव्हताच. पण जाताना त्याने तिच्यासाठी भात झाकून ठेवला होता. तिने त्यातले दोन घास खाल्ले आणि कॉम्प्युटर सुरू केला.

रंगीत फोटो. खालून दिसणारी पाळण्याची जाळी, जाळीवर दोन बूट. लाल थर, दोन बूट. हिरवा थर, दोन बूट.

निळा थर. जाळी नाही, बूट नाहीत. काळोखात दोन अनवाणी पावलं. तळवे खाली, बोटं पसरलेली, बुटांच्या इतकी जवळ की दोन माणसं तशी उभी राहिली तर एकाची छाती दुसऱ्याच्या पाठीला टेकावी...

तिने फोन लावला, स्पीकरवर टाकला. बराच वेळ वाजला.

"अगं, वर आहे मी. हात अडकलेत," दिवेवाल्याचा आवाज आला. मागे तोच बारीक आवाज. टिट्... टिट्... टिट्...

"खाली या. आत्ताच्या आत्ता."

"शेवटचा दिवा आहे."

"अहो... तुमच्या मागे कोण आहे?"

त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. मग तो एकदम हळू बोलला, शेजारी झोपलेल्याला जाग येऊ नये तसा.

"कोणी नाही... पण मगापासून मानेवर गार लागतंय. वारा नाही इथे."

"मामांना सांगा, पाळणा खाली घ्या!"

"सांगतो... आवाज देतोय मी, मामाला जात नाहीये..."

टिट्... टिट्... टिट्...

फोटोवाली त्या गल्लीपासून फार लांब होती. धावत सुटली असती तरी काय उपयोग. तिच्या हातात एकच गोष्ट होती, आणि बुडत्याला काडी पुरते. तो माणूस निळ्या थरात होता. दुसरीकडे कुठेच नव्हता. मग थरच राहिला नाही तर? तिने नकला बाजूला सारल्या आणि मूळ फोटो उघडले. सगळ्या गल्ल्यांचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सगळ्यांवर एकदम हुकूम सोडला, निळा थर काढून टाक. खरंच काढायचा का, असं यंत्राने तिला विचारलं. "काढ, काढ, मेल्या," ती मोठ्याने म्हणाली आणि बटण दाबलं. एकेक फोटो पडद्यावर लुकलुकत गेला. पाळण्याखालचा फोटो शेवटी आला. तोही गेला.

फोनमधला आवाज थांबला.

इतका एकदम थांबला की तिला आधी वाटलं, फोनच कट झाला.

"अहो?"

काही नाही. मग दिवेवाला बोलला. "थांबला बघ भोंगा."

"तुम्ही बरे आहात?"

"बरा आहे." आवाज त्याचाच होता, थोडा दमलेला. "झालं. संपले दिवे. येतोच."

फोटोवाली तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडली. दुःखाने नाही, सुटल्यासारखं झालं म्हणून रडली. मग डोळे पुसून तिने लाल आणि हिरव्या थरांतून उरलेले फोटो काळे-पांढरे केले आणि काकांना पाठवून दिले. ठरलं, काळं-पांढरं. मूळ फोटोंचं काय झालं ते त्यांना कधीतरी नंतर सांगता आलं असतं. शेवटच्या फोटोत पाळण्याच्या जाळीवर दोन बूट चांगले टोकदार आले होते. मग ती कपडेही न बदलता आडवी झाली.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. स्वयंपाकघरात कोणीतरी असल्याची चाहूल लागली. ती उठून गेली तर दिवेवाला खिडकीशेजारी खुर्चीत बसला होता, हात मांडीवर ठेवून. तो कधी आला ते तिला कळलंच नव्हतं.

"उठवलं नाहीत मला?"

"झोपली होतीस."

"आता दिवसपाळी ना?"

"आता कुठेच जायचं नाही," तो म्हणाला.

तिला इतकं बरं वाटलं की ती नुसती बघतच राहिली. सकाळच्या उजेडात, निवांत, घरात बसलेला नवरा. तो थोडा फिकट दिसत होता, पण रात्रपाळ्या माणूस खाऊन टाकतात हे तिला माहीत होतं. त्याच्याजवळ गेल्यावर तिने सवयीने श्वास घेतला. धुळीचा वास येत नव्हता. आंघोळ केली असेल, असं तिच्या मनात आलं.

"हलू नका हं," ती म्हणाली. "एक फोटो काढते. पहिल्या दिवसाचा."

इतके महिने ती त्याचे फोटो काढत होती, पण सगळे पाठीचे आणि बुटांचे. तिने कॅमेरा आणला. तो हलला नाही. पापणीसुद्धा हलली नाही, हे तिला नंतर आठवलं. फोटो काढून ती तशीच बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरपाशी आली. हा रंगीतच ठेवायचा, असं मनाशी म्हणत तिने तो उघडला.

स्वयंपाकघर छान आलं होतं. खिडकीची हिरवी चौकट, ओट्यावरचं लाल झाकण, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला पिवळा टॉवेल. आणि खुर्चीत बसलेला माणूस डोक्यापासून पायापर्यंत निळा होता. चेहरा निळा, ओठ निळे, डोळ्यांची बुबुळंही निळी. पाय अनवाणी होते.

फोटोवालीने मागे वळून पाहिलं नाही. हाताला मात्र सवय होती. हाताने तेच केलं जे तो दर वेळी करायचा, निळा थर बंद केला.

खिडकी. ओटा. टॉवेल. खुर्ची रिकामी. तिने त्याला पुसलं नव्हतं, थरातून बाहेर काढलं होतं.

आतल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग फरशीवर अनवाणी पावलं, सावकाश, कसलीही घाई नसलेली. तिच्या मानेला गार लागलं. कोणीतरी अगदी पाठीशी येऊन तिच्या खांद्यावरून पडद्याकडे वाकलं, आणि नवऱ्याच्या दमलेल्या, मायेच्या आवाजात विचारलं,

"मी नीट आलोय ना?"